स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज कसा करावा?

प्रश्न: मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि लुंड विद्यापीठात पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. गेल्या चार महिन्यांत तेथील अकरा प्राध्यापकांना ईमेल पाठवले, एकाचेही उत्तर आले नाही. शुल्क किती असते, शिष्यवृत्ती कशी मिळवावी, आयईएलटीएस लागते का? माझी धाकटी बहीण बी.ई. आहे, ती थेट पीएच.डी.साठी अर्ज करू शकेल का?

उत्तर: तुमच्या प्रश्नातले ‘शुल्क’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे दोन शब्द आधी बाजूला ठेवू, कारण ईमेलला उत्तर न येण्याचे मूळ त्यांच्यातच आहे. स्वीडनमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी हा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेथे २०११ पासून एम.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांसाठी भरभक्कम शुल्क द्यावे लागते आणि त्या प्रवेशाच्या नुसत्या अर्जालाही ९०० स्वीडिश क्रोना मोजावे लागतात, पीएच.डी.ला मात्र ना शुल्क, ना अर्जाचे पैसे. उच्च शिक्षणाच्या स्वीडिश नियमावलीनुसार मार्गदर्शन आणि निर्वाहाचा पैसा या दोहोंची तजवीज असल्याशिवाय विद्यापीठाला पीएच.डी.साठी कोणालाही घेता येत नाही. आपल्याकडे आधी ‘पेट’ ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, मग गाईड शोधायचा आणि त्यानंतर फेलोशिपच्या मागे लागायचे, असा क्रम असतो. तेथे आधी प्रकल्पाला पैसा मंजूर होतो, त्यातून जागा निर्माण होते, तिची जाहिरात निघते आणि उमेदवाराचा विचार सर्वांत शेवटी होतो.

हे लक्षात घेतले की तुमच्या अकरा ईमेलांचे काय झाले असेल याचा उलगडा होतो. प्राध्यापकाला तुम्ही कितीही पसंत पडलात, तरी त्याच्या हाती पैसा नसेल तर त्याला जागा निर्माण करता येत नाही, आणि पैसा असेल तर जाहिरात दिल्याशिवाय ती जागा भरता येत नाही. मी लुंडच्या भौतिकशास्त्र विभागात सोळा वर्षे आहे आणि अर्जांच्या छाननीला अनेकदा बसलो आहे. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारी आणि मी कधीही न केलेल्या संशोधनाचे कौतुक करणारी पत्रे मलाही दर आठवड्याला येतात. कधीकधी तर मायन्यात दुसऱ्याच कोणाचे तरी नाव राहून गेलेले असते. विभागप्रमुखालाही पहिल्या नावाने हाक मारणाऱ्या या देशात ‘सर’ची सलामी कोणावर छाप पाडत नाही, हे पत्र शंभर जणांना गेले असणार, एवढेच ती सांगते. ईमेल लिहायचाच असेल तर जाहिरात निघाल्यावर, तिच्यात दिलेल्या संपर्कव्यक्तीला लिहावा, आणि ज्याचे उत्तर जाहिरातीत नाही असा एखादाच नेमका प्रश्न त्यात विचारावा. अशा ईमेलला बहुधा उत्तर येते.

जाहिराती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रिक्त पदांच्या पानावर येतात, आणि बऱ्याचशा ‘युरॅक्सेस’ या युरोपीय संशोधन-नोकऱ्यांच्या पोर्टलवरही दिसतात. त्या वर्षभर निघत राहतात, पण सारख्या प्रमाणात नाहीत. स्वीडिश संशोधन परिषदेचे, म्हणजे ‘व्हेटेनस्काप्सरोडेट’चे, अनुदानाचे निर्णय शरद ऋतूत जाहीर होतात, आणि नवा पैसा हाती आलेले गट त्यानंतरच्या महिन्यांत माणसे शोधू लागतात. त्यामुळे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हे पान आठवड्यातून एकदा न चुकता पाहावे. जुलैत मात्र सगळा देश सुट्टीवर असतो. विभागाच्या बोळात दिवे बंद असतात, कॉफीचे यंत्र रिकामे असते, आणि त्या महिन्यात पाठवलेल्या प्रश्नाला ऑगस्टच्या मध्यापर्यंत उत्तर आले नाही तर मनाला लावून घेऊ नये.

आता जाहिरात वाचायची कशी, हे थोडे सावकाश सांगतो, कारण आपल्याकडचे बहुसंख्य अर्ज येथेच बाद होतात. समजा, सिंक्रोट्रॉन प्रारण (वर्तुळात वेगाने फिरवलेल्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणारे प्रखर किरण) संशोधन विभागात एक जागा निघाली आहे आणि काम लुंडमधील मॅक्स-फोर या सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत आहे. जाहिरातीत आधी प्रकल्पाचे वर्णन येते, मग कामाचे स्वरूप, मग प्रवेशासाठीची पात्रता, मग निवडीचे निकष, आणि शेवटी अर्जासोबत काय जोडायचे याची यादी. यातला ‘पात्रता’ हा भाग कायद्याचा आहे. तेथे जे ‘आवश्यक’ म्हटले आहे ते तुमच्याकडे नसेल, तर बाकीचा अर्ज कितीही उत्तम असला तरी तो पुढे जात नाही. ‘असल्यास उपयुक्त’ किंवा ‘जमेची बाजू’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या गोष्टी वेगळ्या. त्यातल्या निम्म्या असल्या तरी अर्ज करावा. आपली मुले नेमकी उलटी चूक करतात. पायथन येत नाही म्हणून अर्जच करत नाहीत, आणि ज्या जागेसाठी प्रायोगिक प्रकल्पाचा अनुभव अनिवार्य आहे तेथे निव्वळ सैद्धांतिक काम केलेले असताना अर्ज टाकतात. निवडीच्या निकषांत एक वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असते: उमेदवाराची ‘हे शिक्षण आत्मसात करण्याची क्षमता’ पाहिली जाईल. हे शब्द नियमावलीतून उचललेले आहेत. त्यांचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमचे टक्के आम्ही पाहतोच, पण तुम्ही एखादा अडलेला प्रश्न स्वतःच्या डोक्याने पुढे नेऊ शकता का, याचा पुरावा आम्ही शोधत असतो.

पात्रतेची मूळ अट अशी आहे: पदव्युत्तर स्तराची पदवी हवी, किंवा एकूण २४० युरोपीय श्रेयांक हवेत आणि त्यांतले किमान ६० पदव्युत्तर स्तराचे हवेत, किंवा तत्सम ज्ञान अन्य मार्गाने मिळवलेले हवे. पूर्ण वेळाच्या एका वर्षाचे ६० श्रेयांक धरतात. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी. म्हणजे तुमचे गणित सरळ बसते. तुमच्या बहिणीची बी.ई. चार वर्षांची आहे, पण ती पूर्णपणे पदवी स्तराची धरली जाते. पदव्युत्तर स्तराचे ते ६० श्रेयांक तिच्याकडे नसल्यामुळे तिने आधी एम.ई. किंवा एम.टेक. करावे. तिसरा मार्ग कागदावर आहे, मात्र केवळ बी.ई.च्या बळावर तो उघडलेला मी पाहिलेला नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेबाबत बहुतेक जाहिराती फक्त ‘इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व’ एवढेच म्हणतात आणि ते तुमच्या पत्रावरून आणि मुलाखतीवरून जोखले जाते. एखाद्या जाहिरातीत परीक्षेची अट स्पष्ट असेल तर द्यावी, नाहीतर ते पैसे राखून ठेवावेत, पुढे घरभाड्याच्या अनामतीला लागतील.

अर्जासोबतचे पत्र हा या सगळ्यातला कळीचा कागद आहे, आणि त्याबद्दल मला जे कळले ते एका नकारातून. पुण्याहून केलेला माझा पहिला अर्ज स्वीडनमधल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात होता आणि तो पहिल्याच चाळणीत गेला. तेथे गेलेल्या एका मित्राने सांगितले, की स्वीडनमध्ये सरकारी विद्यापीठाकडे आलेले अर्ज हे सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि कोणीही ते मागू शकतो. आपला माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. तेथे ही तरतूद १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यापासून आहे. मी नोंदणी कार्यालयाला तीन ओळींचा ईमेल लिहिला. कारण विचारले गेले नाही, शुल्क मागितले गेले नाही, आणि काही दिवसांत निवड झालेल्या उमेदवाराचे पत्र माझ्या ईमेलमध्ये येऊन पडले. माझे पत्र दोन पानांचे होते. त्याचा पहिला परिच्छेद लहानपणापासून असलेल्या विज्ञानाच्या ओढीवर होता, दुसरा घरच्या परिस्थितीवर, आणि प्रकल्पाचे नाव मी एकदाच, तेही जाहिरातीतून जसेच्या तसे उचलून लिहिले होते. निवड झालेल्या त्या मुलीचे पत्र सव्वा पानाचे होते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तिने पातळ थरांचे नमुने कसे तयार केले, त्यातले कोणते फसले, फसण्याचे कारण तिने कसे शोधले आणि त्यातले कोणते कौशल्य या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात उपयोगी पडेल, एवढेच त्यात होते. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचताना मला लाज वाटली, पण पुढचे पत्र मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतले.

तुमच्या बाबतीत ही बाब अधिक सोपी आहे. तुम्ही कधी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर नमुने मोजायला गेला असाल, एखादी रात्र बीमलाईनवर, म्हणजे किरणांच्या झोतात नमुने मोजण्याच्या जागी, जागून काढली असेल, तर ती गोष्ट पत्रात सर्वांत वर यायला हवी. मॅक्स-फोरचे इलेक्ट्रॉन फिरवणारे मोठे वलय ५२८ मीटर परिघाचे आहे आणि ते इंडस-२ पेक्षा पुष्कळ नवे आहे, त्याचे उद्घाटन २०१६ साली झाले. पण नमुना मोजायला मिळालेल्या ठराविक तासांत काहीतरी बिघडते आणि तेव्हा डोके शांत ठेवावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच. त्या विभागातला कोणीही ही ओळ वाचताच थांबेल. उलट, ज्या विषयाचा तुमच्या कामाशी संबंध नाही तो केवळ प्रसिद्ध आहे म्हणून पत्रात आणू नये. लुंडच्या आन लुइलिए यांना २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाल्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत ‘अ‍ॅटोसेकंद’ (सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश, त्यांच्या नोबेलचा विषय) हा शब्द अचानक पेरलेला दिसू लागला, अगदी ज्वलनभौतिकीच्या जागांसाठी आलेल्या अर्जांतसुद्धा.

पत्राखेरीज संक्षिप्त माहिती, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांची गुणपत्रके, एम.एस्सी.च्या प्रबंधाची किंवा प्रकल्प अहवालाची प्रत आणि दोन-तीन संदर्भव्यक्तींची नावे लागतात. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतरच हाती येत असेल, तर तात्पुरते प्रमाणपत्र जोडून तसे एका ओळीत कळवावे. संदर्भव्यक्तींबाबत आपल्याकडचा ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हा रिवाज येथे चालत नाही, कारण पुष्कळदा पत्र मागितलेच जात नाही. अंतिम फेरीतील उमेदवारांच्या संदर्भव्यक्तीला आम्ही थेट फोन करतो. मी अशा एका फोनवर एका महाविद्यालयातील विभागप्रमुखांशी बोललो आहे. विद्यार्थिनी ‘अत्यंत आज्ञाधारक आणि वक्तशीर’ होती, याच्या पलीकडे त्यांना काहीही सांगता येईना, कारण प्रयोगशाळेत तिला पाहिले होते ते एका तरुण सहायक प्राध्यापकाने, आणि त्याचे नाव तिने पद लहान म्हणून दिलेच नव्हते. तिला पहिल्या क्रमांकावर ठेवण्याचे आमच्या मनात होते, ती दुसरी झाली. तेव्हा नाव देताना पद पाहू नये, तुमचे काम कोणी जवळून पाहिले आहे ते पाहावे, आणि नाव दिल्याचे त्या व्यक्तीला आधी सांगून ठेवावे.

मुलाखत बहुधा झूमवर होते. चार-पाच जण असतात आणि वातावरण मोकळे असते. त्या मोकळेपणाने फसून जाऊ नये. एका मुलाखतीत आम्ही विचारले, की या प्रकल्पातला कोणता भाग तुला बदलावासा वाटतो? उमेदवार नम्रपणे म्हणाला, ‘तुम्ही जे सांगाल ते मी करीन.’ आपल्या घरात हे उत्तर शोभले असते. तेथे टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरली, कारण ज्याला काहीच बदलावेसे वाटत नाही त्याने वर्णन नीट वाचलेले नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. त्यानंतर आलेल्या मुलाने व्हॅक्यूम पंप बंद पडल्यावर त्याने जुन्या पंपाचे सुटे भाग वापरून आठवडाभरात तो कसा चालू केला, हे कागदावर रेखाटून कॅमेऱ्यासमोर धरले. त्याचे इंग्रजी अडखळत होते. ती जागा त्याला मिळाली.

निवड झाली की करार हाती येतो आणि तो एकाच वर्षाचा असतो, हे पाहून घरचे हमखास घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. पहिली नेमणूक जास्तीत जास्त एक वर्षाची आणि नंतरची प्रत्येक मुदतवाढ जास्तीत जास्त दोन वर्षांची, असा नियमच आहे. एकूण काळ पूर्ण वेळाच्या चार वर्षांचा धरला जातो. त्यात अध्यापन किंवा प्रयोगशाळेतील साहाय्यक काम वीस टक्क्यांपर्यंत देता येते आणि ते दिले तर तेवढा काळ वाढून प्रत्यक्षात पाच वर्षे होतात. बाळंतपणाची किंवा पालकत्वाची रजा आणि दीर्घ आजारपण यांचा काळही कराराला जोडून मिळतो. पगाराची शिडी ठरलेली असते. सुरुवात सध्या महिन्याला साधारण तीस ते पस्तीस हजार क्रोनांच्या दरम्यान होते आणि प्रगतीच्या टप्प्यांवर ती वाढते. त्यातून कर जातो, आणि एका माणसाचा खर्च भागून थोडे उरते. त्याचे रुपये करून गावात सांगत सुटू नये, कारण लुंडमध्ये एका खोलीचे भाडेही क्रोनांतच द्यावे लागते. वार्षिक सुट्टी वयाच्या तिशीपर्यंत २८ दिवस, नंतर ३१ आणि चाळिशीपासून ३५ दिवस असते, आणि ती खरोखर घ्यावी अशी अपेक्षा असते. दरवर्षी मार्गदर्शकासोबत वैयक्तिक अभ्यास आराखडा तपासला जातो. तो कागद कंटाळवाणा वाटतो, पण मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर तोच तुमच्या बाजूने बोलतो, म्हणून त्यात ठरलेल्या गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतील डॉक्टरेट जाळ्यांतूनही, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या पीएच.डी. प्रकल्पांतूनही, लुंडमध्ये जागा निघतात आणि त्यांचे वेतन सहसा बरे असते. त्यांची एक अट भारतीयांच्या पथ्यावर पडते: भरतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जागा आहे तेथे तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. तेथेच एम.एस्सी. करणारी मुले या अटीने बाद होतात, तुम्ही होत नाही. मात्र निधी बहुतेक तीनच वर्षांचा असतो. चौथ्या वर्षाचा पैसा कोठून येणार, हे मुलाखतीतच विचारावे. कोणाला वाईट वाटत नाही.

पीएच.डी.नंतरच्या पोस्टडॉकच्या जागांचे नियम निराळे आहेत. सरकारी करारानुसार ही नेमणूक किमान दोन आणि कमाल तीन वर्षांची असते, आणि पीएच.डी. मिळून साधारण तीन वर्षांच्या आत असलेल्यांना प्राधान्य असते, म्हणून भारतात पदवी मिळाल्यावर ‘एखादे वर्ष थांबून पाहू’ हा विचार महाग पडतो. या नेमणुकीविरुद्ध तीन आठवड्यांत अपील करता येते, पीएच.डी.च्या निवडीविरुद्ध करता येत नाही. नोकरीऐवजी ‘स्टायपेंड’ देऊ केला तर त्यावर पेन्शन आणि आजारपणाचे संरक्षण कसे आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

शेवटी कागदपत्रांचे. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही, म्हणून दोन-अडीच वर्षेच उरलेला पासपोर्ट असेल तर अर्जांच्या आधीच तो नवा करून घ्यावा. परवान्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. पोचल्यावर कर कार्यालयात नोंदणी करून ‘पर्सूननुम्मर’ हा व्यक्तिगत ओळख क्रमांक मिळवावा लागतो. तो येईपर्यंत बँकेचे खाते आणि मोबाईलची जोडणी यांत अडचणी येतात, आणि पगार तर महिन्याच्या २५ तारखेला होतो, म्हणून दोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम सोबत असावी. सर्वांत अवघड प्रकार घराचा आहे. ऑगस्टच्या अखेरीस हजारो नवे विद्यार्थी लुंडमध्ये एकाच वेळी उतरतात आणि खोल्या मिळेनाशा होतात. माझ्या एका सहकाऱ्याने पहिले तीन आठवडे शेजारच्या माल्म्यो शहरातल्या वसतिगृहात बॅग न उघडता काढले. नेमणुकीची तारीख बहुधा वाटाघाटीने ठरते. तुम्हाला १ सप्टेंबर सुचवला गेला, तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी मागून पाहा. परवान्यालाही तेवढा वेळ मिळतो आणि विभाग बहुतेक वेळा मान्य करतो.